निरंक

पाकीट आलं तेव्हा कोंडीबा मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. "कोंडीबा, सांगलीचं हाय बग!" अशी पोस्टमननं हाक मारली, तशी त्यानं मेंढी सोडली आणि धोतराला हात पुसत पळत सुटला. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पळाला. का नाही पळणार? त्या पाकिटात त्याच्या मेलेल्या पोराची अब्रू होती.

पोरगा म्हणजे मल्हार. दुष्काळात सरकारी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. जतच्या पूर्वेला, कानडी मुलखाला लागून ही धनगरवस्ती. टँकर आला तर पाणी, नाहीतर बसा ओठ चाटत. त्या उन्हाळ्यात टँकर यायचा बंदच झाला. तानुबाईची बारा वर्षांची नात सोनिया घागर घेऊन पडक्या विहिरीत उतरली, पाय घसरला, आणि संपलं. मग बोंब उठली, मल्हारनं पाणी डाळिंबवाल्यांना विकलं. तो घसा फोडून सांगत होता, "आवं, ठेकेदारानं जिकडं धाडला तिकडं टँकर न्हेला. माज्या हातात काय हुतं?" पण ऐकतंय कोण!

चार दिवसांनी जीपमधून एक साहेब आला. त्यानं तानुबाईची तक्रार लिहून घेतली, खाली तिचा अंगठा घेतला आणि मल्हारला बजावलं, "चौकशी लागणार. बोलावणं येईल. तोवर वस्ती सोडायची नाही."

बास, पोरगा बोलावण्याची वाट बघत बसला. दिवाळीनंतर सगळी वस्ती मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरली, हा नाही उतरला. राणी, त्याची बायको, म्हणाली, "चला की, चार महिन्यांचा तर सवाल हाय." तर म्हणाला, "आन् मागनं बोलावणं आलं म्हंजी? पळाला म्हनतील. साहेबाफुडं मला सगळं सांगायचं हाय, कुणी टँकर वळवला, कुणाच्या बागंत रिकामा झाला, समदं." रिकाम्या वस्तीत एकटा बसून राहिला तो. चार महिने गेले, बोलावणं काही आलं नाही. माणसं परत आली, पण त्याच्या हातचा भंडारा कपाळाला लावून घेईनात. कुणाचं ना भांडण, ना शिवी, नुसती मान फिरवायची. माणूस शिवीनं मरत नाही हो, त्यानं मरतो. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर मल्हारनं आपला जीव दिला.

तेव्हापासून कोंडीबानं ध्यास घेतला. चौकशीत काय निघालं? पोरगं दोषी का निर्दोष? एवढं एकदा सरकारच्या तोंडून ऐकायचं, मग खुशाल मरायचं. कुणीतरी सांगितलं, माहितीचा अधिकार असतोय, कुणालाबी इचारता येतंय. म्हातारा सांगलीला गेला, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा बसतो त्याच्याकडून तीन प्रश्न लिहून घेतले. कुठली कचेरी ते राहू द्या, खिडक्या सगळ्यांच्या सारख्याच असतात.

त्याचं हे उत्तर. राणीनं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. "मल्हार कोंडीबा यांच्याविरुद्धची तक्रार, निरंक. तक्रारीवरील चौकशी, निरंक. चौकशीचा निष्कर्ष, निरंक." ती थांबली. दहावी झालेली पोरगी, पण हा शब्द काही तिच्या पुस्तकात नव्हता. "मामंजी, निरंक म्हंजी वो?"

आता कोंडीबा म्हणजे बिरोबाच्या ओव्या गाणारा माणूस. रात्र रात्र गायचा, शब्दाला कधी अडला नाही. त्याला कोण शिकवणार? "आगं येडे, देवाला आपुन काय म्हनतो? निरंकार! ज्याला डाग न्हाई, कलंक न्हाई, त्यो. तीनदा लिवलंय बग त्यांनी. एकदा न्हाई, तीनदा!" आणि बोलता बोलता म्हातारा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "माजं लेकरू सुटलं गं," एवढंच म्हणत राहिला.

मग काय विचारता! पेढे आले, ढोल निघाले, बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं. राणीनं नवऱ्याच्या फोटोला हळद लावली. ज्यांनी मान फिरवली होती ती माणसं एकेक करून अंगणात आली, खाली बघत बसली, हाताला हात लावून गेली. कोंडीबा कुणालाच टोचून बोलला नाही. एवढं मोठं मन त्यानं कुठून आणलं, देव जाणे.

सगळ्यात शेवटी तानुबाई आली. दारातच उभी राहिली. "कोंडीबा, माज्या अंगठ्यानं तुजं पोरगं गेलं," म्हणाली. "ह्यो हात तोडून टाकावा वाटतंय मला." कोंडीबानं तिला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या त्या घडीला विरल्या. "तुजं लेकरू गेलं हुतं बाई. तू अंगठा देशील न्हाई तर काय करशील? ये, आत ये." दोघं एका ताटाला बसली नाहीत एवढंच, पण एका घरात जेवली.

आणि कोंडीबाला वाटलं, ज्यानं हे लिहिलं त्याला हातानं पेढा भरवावा. हीच तर त्याची चूक. गपगुमान घरी बसला असता तर!

तो सांगलीला गेला. माहिती देणारी अधिकारी होती स्वप्ना, कुंडलची, या जागेवर नवीनच आलेली. कोंडीबानं टोपी काढून टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला. "बाई, तुमी माज्या पोराला निरंक केलं. तुमचं कल्यान हुईल."

स्वप्नानं कागद बघितला, मग त्याच्याकडं बघितलं. सरावलेली असती तर पेढा खाऊन मोकळी झाली असती. पण ती उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. "आजोबा, निरंक म्हणजे निर्दोष नाही. निरंक म्हणजे काही नाही. आम्हाला रकाना कोरा सोडता येत नाही, म्हणून तसं लिहितो."

"काय न्हाई म्हंजी?"

"म्हणजे तक्रार नाही. चौकशी नाही. मी स्वतः शोधलं, तुमच्या मुलाचं नावच इथं कुठं नाही."

"आसं कसं? तानुबाईनं अंगठा दिला, माज्या डोळ्यांनी बगितलाय. जीप आली हुती."

"दिला असेल. तो कागद इथवर आलेलाच नाही." तिचा आवाज उतरला होता. "आणि जीपमधून कोण आलं होतं, तेही इथं लिहिलेलं नाही."

कोंडीबानं टोपी उचलून डोक्यावर ठेवली. मग अगदी साध्या आवाजात, वाट विचारावी तसं त्यानं विचारलं, "मग माजं पोरगं कशाची वाट बगत हुतं, बाई?"

 अपील करता येतं, वर जाता येतं, असं स्वप्ना काहीबाही सांगत राहिली. म्हातारा पुडा तिथंच विसरून बाहेर पडला.

एसटीत त्यानं ठरवलं, कुणाला काही सांगायचं नाही. पोराचं नाव धुऊन निघालंय, निघू दे. ज्यांना खरं वाटतंय त्यांना वाटू दे. कुणाचं काय जातंय? पण वस्तीवर उतरला तर तानुबाई त्याच्याच ओट्यावर बसलेली, राणीच्या केसांना तेल लावत. म्हणाली, "आलास व्हय? आज माजा बी जीव हलका झाला बग. चौकशी झाली, म्हंजी माज्या सोनियाचं बी कुटंतरी लिवलं आसंल. टँकर आला न्हाई म्हनून पोर गेली, आसं लिवलं आसंल न्हवं रं?"

इथं कोंडीबाला खोटं बोलता आलं असतं. दोन अक्षरं, 'व्हय' म्हणायचं. पण त्याच्या तोंडातून ती निघेनात. मल्हारसाठी तो जगाशी खोटं बोलला असता. त्या पोरीच्या आजीशी कसं बोलायचं?

"तानुबाई, चौकशी झालीच न्हाई," तो म्हणाला. "त्या शब्दाचा अर्थ मीच चुकलो. तुजी तक्रार त्यांच्याकडं न्हाई. माजा मल्हार न्हाई, तुजी सोनिया न्हाई. आपुन रडलो, भांडलो, एकमेकाचं तोंड बगितलं न्हाई, आन् तिथं कुणाला कायच ठावं न्हाई."

राणीच्या तोंडून हुंदका फुटला. तानुबाईचा हात तिच्या केसांत तसाच राहिला. म्हातारीनं आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून उलटा सुलटा करून पाहिला, आणि मग म्हणाली, "कोंडीबा, माज्या नावानं बी एक अर्ज लिव. एकच गोस्ट इचार. माजी सोनिया मेली, का न्हाई मेली?"

काय उत्तर येणार ते कोंडीबाला आत्ताच पाठ होतं. तरी त्यानं राणीला सांगितलं, "कागद आन गं."