पाहुण्याचं वाक्य

लेखिकेचे दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी निघाली होती. नवरा प्राध्यापक. विद्यार्थ्यांना कथाप्रकार आणि मोठ्या लेखकांची ओळख करून देणारं पुस्तक तो लिहीत होता. दीर्घकथेच्या प्रकरणात गाडं अडलं, तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"अगं, दीर्घकथा म्हणजे नक्की काय सांगू पोरांना?"

ती कणीक मळत होती. "कथा दारातून बोलून जाते, कादंबरी घरात संसार थाटते. दीर्घकथा म्हणजे मुक्काम वाढलेला पाहुणा."

तो खूश होऊन गेला.

पुस्तक छापून आलं. तिने आधी लेखकांची प्रकरणं चाळली. त्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी पदरमोड करून काढलेल्या एकुलत्या एका कादंबरीवर चार पानं होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. पाहुणा मात्र जसाच्या तसा होता.

"मी नाही यात?" तिने विचारलं.

"बायकोची वर्णी लावली म्हणतील गं लोक."

"आणि प्राचार्यांची लावली ती?"

"ते वेगळं. तुला नाही कळायचं."

प्रकाशनाला तिला पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुण्यांनी नेमकं तेच वाक्य दोनदा वाचलं, टाळ्या पडल्या. नवऱ्याने मान लववली. मग आभार मानताना म्हणाला, "हिने घर सांभाळलं, म्हणून मी लिहू शकलो." पुन्हा टाळ्या. तीही हसली, हसण्यावाचून इलाज नव्हता.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. "आई, बाबांचं ते पाहुण्याचं वाक्य काय झकास आहे!"

"माझं आहे ते."

मुलगी खळखळून हसली. "आई, तू पण ना! बाबांचं जरा कौतुक झालं की लगेच..."

लेखिकेने फोन ठेवला. सांगून सांगणार कुणाला? पोटची पोर ऐकेना, तिथे परक्यांची काय कथा. त्या दिवसापासून नवऱ्याशी तिचं बोलणं कामापुरतं उरलं. त्याला वाटलं, हिचं वय झालं.

वर्षभरात दुसरी आवृत्ती ठरली. एका सकाळी पेपरातून डोकं न काढता तो म्हणाला, "टाकू का तुझ्यावर अर्धं पान?"

तिने त्याच्यासमोरचा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, "राहू दे."

"बरं झालं," तो सुटल्यासारखा म्हणाला. "पानं वाढली असती उगाच."