उणे वीस पूर्णांक चार

"बघा, सगळं हिरवं," निहार म्हणाला आणि नवा फ्लॅट दाखवावा तसा त्यानं भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे हात केला. एका मोठ्या हॉस्पिटलचे तीन पाहुणे अंधेरीच्या त्या ऑफिसात खास ठिकठिकाणच्या हॉस्पिटलांतल्या यंत्रांची खबर देणारा हा पडदा बघायला आले होते. त्यांनी माना डोलावल्या.

मिथुन मागे भिंतीला टेकून उभा होता. कुणी तांत्रिक प्रश्न विचारलाच तर हाताशी असावा, म्हणून त्याच्या साहेबानं, निहारनं त्याला बोलावलं होतं. त्याची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातल्या एका आकड्यावर अडकली होती. घाटकोपरचं प्रसूतिगृह, फ्रीझर दोन, उणे वीस पूर्णांक चार.

सकाळी आल्या आल्या त्यानं पाहिलं होतं तेव्हाही उणे वीस पूर्णांक चारच होतं. चहानंतरही तेच.

फ्रीझरचं तापमान कधी एका जागी बसत नाही. यंत्र चालू होतं, बंद होतं, आकडा थोडा चढतो, थोडा उतरतो. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा. हा आकडा हलत नव्हता.

मानखुर्दच्या चाळीत तो लहान होता तेव्हा त्याची आई शकू म्हणायची, "माझं पोरगं वाऱ्यालाबी दचकतं." वडील भीमराज जालन्याहून आले, महापालिकेत लागले, कुणाला कधी घाबरले नाहीत. त्यांचा हा मुलगा मात्र दारावरच्या टकटकीला घाबरायचा, शाळेत नाव पुकारलं की घाबरायचा. आता चाळिशीला आला तरी साहेबाचा फोन वाजला की तळहात ओले. कामात मात्र ही भीती उपयोगी पडली. काय काय बिघडू शकेल, हे त्याला इतरांआधी दिसायचं.

त्याचं काम साधं होतं. पडद्यामागचं सॉफ्टवेअर दर मिनिटाला प्रत्येक यंत्राची खबर मागायचं. यंत्राशी थेट बोलणं त्याला जमत नसे, म्हणून मधे मिथुननं लिहिलेली छोटी छोटी फंक्शन्स होती. सॉफ्टवेअरनं हाक मारली की फंक्शननं सेन्सरला विचारून आकडा आणून द्यायचा. ऑफिसात त्यांना कॉलबॅक म्हणत. सेन्सरनं उत्तर दिलं नाही, तर मिथुनचं फंक्शन आधी 'उत्तर नाही' असं सांगायचं. मग पडद्यावर तेवढी जागा रिकामी राही आणि हॉस्पिटलला इशारा जाई.

पण वायफाय जरा तुटलं तरी रिकामी जागा दिसायची. तक्रारी यायला लागल्या.

"गॅप नको रे क्लायंटला," निहार मागच्या महिन्यात म्हणाला होता. "सेन्सर गप्प असला की आधीचा आकडा देऊन टाक ना. मिनिटाभरात येतोच तो परत."

"आणि नाही आला तर?"

"तू ना यार, नेहमी वाईटच विचार कर."

क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट नवं व्हायचं होतं. मिथुननं तशी ओळ लिहून दिली.

आता तो हळूच आपल्या जागेवर गेला आणि त्यानं आलेख मागे सरकवला. काल संध्याकाळपर्यंत रेघ वरखाली होत होती. तिथून पुढे ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. त्यानं सेन्सरला थेट विचारून पाहिलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. प्रसूतिगृहाचा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

तो काचेच्या दाराशी गेला. निहार वैतागून बाहेर आला.

"घाटकोपरचा सेन्सर कालपासून मेलाय. आपण रात्रभर जुना आकडा दाखवतोय."

"फक्त सेन्सर असेल. डेमो होऊ दे, मग बघू."

"फ्रीझरपण बंद असेल तर?"

"मिथुन, आत्ता नको. प्लीज."

मिथुननं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि न विचारता ऑफिसबाहेर पडला. असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. मेट्रोत बसायला जागा होती, पण त्याला बसवेना. फ्रीझर दोनमध्ये नेमकं काय असतं, हेही त्यानं कधी विचारलं नव्हतं. औषधं असतील. लशी असतील. तो मनात औषधांची नावं घेत गेला. फक्त सेन्सरच बिघडलेला असू दे, असं तो घाटकोपर येईपर्यंत घोकत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या फ्रीझरच्या खोलीच्या प्रभारी प्रेमा सिस्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या, चटपटीत होत्या.

"कॉम्प्युटरवाले का तुम्ही? सांगा."

"सिस्टर, फ्रीझर दोन चालू आहे का बघायचंय."

"चालूच आहे की. हे बघा." त्यांनी टेबलावरचा छोटा पडदा त्याच्याकडे वळवला. उणे वीस पूर्णांक चार.

"तो आकडा सोडा. फ्रीझर दाखवा."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सिस्टर किल्ली घेऊन धावल्याच. आतल्या खोलीत काल एसीवाला येऊन गेला होता. त्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं होतं आणि तो तसाच निघून गेला होता. फ्रीझर आणि सेन्सर दोन्ही त्याच बटणावर. आधी वॉर्डातल्या मावशी दर पाळीला थर्मामीटर बघायच्या. पडदा आल्यापासून कुणी बघत नसे.

सिस्टरांनी झाकण उघडलं. गार वाफ आली नाही. त्यांनी वरची एक बाटली उचलून हलवली. आत पांढरं काहीतरी डुचमळलं.

"काय आहे हे?" मिथुननं विचारलं.

"दूध," त्या म्हणाल्या. "आयांचं दूध. ज्यांना जास्त येतं त्या देऊन जातात. दिवसांआधी जन्मलेल्या बाळांसाठी." आणि मग त्यांचा चेहराच उतरला. "अगं बाई! सकाळी घाईत, न बघताच यातलंच वर पाठवलंय."

त्या फोनकडे धावल्या. "थांबवा! आजच्या बाटल्यांतलं कुणाला देऊ नका... काय? कुणाला?" पलीकडचं ऐकताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. "एकाला दिलंय," फोन ठेवत त्या म्हणाल्या. "नळीनं. मघाशीच."

मिथुन स्टुलावर बसला. किती लहान असेल ते बाळ, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

मुलांच्या डॉक्टर शुभा मॅडम खाली आल्या. त्यांनी बाटल्या पाहिल्या, नमुना तपासणीला पाठवायला सांगितलं आणि मिथुनकडे वळल्या. नेमका तेव्हाच निहारचा फोन आला. मिथुन दाराबाहेर गेला.

"ऐक," निहार म्हणाला, "सेन्सर खराब निघाला म्हण. तेवढंच. फंक्शनचं काही बोलू नकोस, वाट लागेल आपली. तुझी पहिली."

मिथुन परत आत आला.

"मॅडम, हा आकडा कालपासून खोटा होता. सेन्सर बंद पडला की जुनाच आकडा द्यायचा, असं मीच लिहिलंय. नाहीतर काल संध्याकाळीच तुम्हाला इशारा आला असता."

"असं का लिहिलं?"

"सांगितलं होतं. पण लिहिलं मी. मला कळत होतं."

शुभा मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडतील म्हणून मिथुननं मान खाली घातली होती. त्या ओरडल्या नाहीत. "पहिल्यांदा ते बदला," एवढंच म्हणाल्या आणि वर बाळाकडे गेल्या.

त्यानं तिथेच लॅपटॉप उघडला. ओळ पुसली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट लिहिलं: उत्तर नसेल, तर उत्तर नाही असंच सांग. अंधेरीच्या पडद्यावर आता बरीच ठिकाणं रिकामी दिसू लागणार होती, पाहुण्यांसमोर.

मग वाट बघणं. बायकोचा, तेजलचा फोन आला. "काय रे, आवाज असा का येतोय?"

"एका बाळाला त्रास होईल, माझ्यामुळे."

"मी येऊ का तिकडे?"

"नको. फोन चालू ठेव फक्त."

व्हरांड्यात एक तरुण बाई गाऊनवर ओढणी घेऊन बसली होती. ती त्याच बाळाची आई आहे की दुसऱ्या कुणाची, हे मिथुनला माहीत नव्हतं. तरी दर वेळी जिन्यावर पावलं वाजली की दोघांच्याही माना एकदमच वर होत.

निहारचा मेसेज आला. उद्यापासून हा प्रोजेक्ट मिथुनकडे नव्हता. बाकीचं वरचे लोक ठरवणार होते. सकाळी हे वाचलं असतं तर त्याला घाम फुटला असता. आता त्यानं ते वाचलं आणि पुन्हा जिन्याकडे बघत बसला.

ऊन उतरल्यावर शुभा मॅडम आल्या. "पोट मऊ आहे. उलटी नाही, ताप नाही. पुढचं दूध पचवलंय त्यानं. उद्यापर्यंत लक्ष ठेवू, पण ठीक वाटतंय."

मिथुननं हात जोडले.

"फ्रीझरमधलं सगळं टाकावं लागेल, सिस्टर," मॅडम म्हणाल्या.

"खालच्या बाटल्यांत अजून बर्फ आहे, मॅडम."

"कधी वितळलं, किती वेळ तसंच राहिलं, कोण सांगणार? नको."

प्रेमा सिस्टरांनी ट्रे काढून मोरीजवळ मांडले. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी होती, नुसता नंबर. एक बाटली त्यांनी हातात जरा जास्त वेळ धरली.

"ही मुलुंडहून यायची. तिचं बाळ राहिलं नाही. दूध मात्र थांबेना. म्हणाली, कुणाच्या तरी पोटात जाऊ दे."

"सिस्टर, मी काही करू का?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं की थकून, ते त्याला कळलं नाही.

"हात धुवा आधी," त्या म्हणाल्या. "आणि झाकणं काढून द्या."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. मग तो एकेक झाकण फिरवून बाटली त्यांच्या हाती देऊ लागला आणि त्या नळ चालू ठेवून ती मोरीत रिकामी करू लागल्या. मुलुंडची बाटली आली तेव्हा त्यांनी नळ बंद केला. ते दूध हळूहळू, आवाज न करता गेलं. मिथुन पुढची बाटली हातात धरून, ते पूर्ण जाईपर्यंत थांबला.