एकोणीस दिवसांची हजेरी

मी सूचनापेटी बोलतेय. विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात, दोन नंबरच्या खिडकीशेजारी चार स्क्रूंवर लटकलेली लाकडी पेटी आहे ना, तीच मी. रोज शेकडो मुलंमुली माझ्यासमोर रांगेत उभी राहतात, माझ्या डोक्यावर कागद ठेवून फॉर्म भरतात आणि पेन चालेना झालं की माझ्याच अंगावर गिरवून बघतात. मी काही मनावर घेत नाही. पण एका शुक्रवारी जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म विद्यापीठाच्याच सुतारखात्यात झाला. एका जुन्या वर्गाचं दार मोडीत निघालं होतं, त्याच्या फळ्या कापून सुतारकाकांनी मला घडवलं. फट केवढी ठेवायची, यावरून त्यांचं आणि विभागाच्या अधीक्षक साहेबांचं चांगलंच वाजलं.

"बारीक ठेवा," साहेब म्हणाले. "नाहीतर पोरं केळ्याची सालं टाकतील."

"साहेब, बोलायला सांगायचं तर तोंड उघडता येईल एवढं तरी ठेवू या की."

शेवटी दोघांच्या मधलं माप ठरलं. सालं आलीच, फक्त नीट घडी घालून.

माझी किल्ली खिडकीवाल्या बाईंकडे असते. त्या इथल्या लिपिक. बावीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसल्यात, म्हणून मुलांनी त्यांचं हे नाव पाडलं. आवाज खणखणीत. "पुढचा!" म्हणाल्या की रांगेतला शेवटचासुद्धा दचकतो. दर महिन्याच्या एक तारखेला त्या मला खाली उतरवायच्या, चिठ्ठ्या टेबलावर ओतायच्या, वाचायच्या आणि सारांश टाइप करून वर पाठवायच्या. वर त्याचं काय व्हायचं ते मला ठाऊक नाही. बाईंनाही नव्हतं.

पोटात पडलेलं मी सगळं वाचते. काय काय लिहितात मुलं! "ग्रंथालयात खुर्ची मिळवायला साडेसहाला यावं लागतं. घरी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही." "सर उत्तम शिकवतात असं पहिल्या चार रांगांचं मत आहे. मी अठ्ठाविसाव्या रांगेत बसते." "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी लावा. आत गेल्यावर गाणं म्हणत बसावं लागतं." "इथे आल्यावर पहिल्यांदाच माझ्याहून हुशार माणसं भेटली. आधी बरं वाटलं, मग फार वाईट वाटलं." एका पठ्ठ्याने तर विचारलं होतं, "फॉर्म मिळण्यासाठी भरायचा फॉर्म कुठे मिळतो?" बाई त्यावर एकट्याच खूप वेळ हसल्या होत्या.

त्या बुधवारी दुपारी एक मुलगा आला. बारीक अंगाचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तो रांगेत उभा राहिला नाही. सूचनाफलकाच्या काठावर कागद टेकवून त्याने काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि माझ्यापाशी आला. चिठ्ठी अर्धी फटीत, अर्धी त्याच्या बोटांत. किती वेळ तरी तो तसाच उभा होता. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं का रे?" तशी त्याने बोटं सोडली आणि तो निघून गेला.

चिठ्ठीत लिहिलं होतं :

"इथे आम्ही चाळीस हजार आहोत. मी गेले एकोणीस दिवस कुठल्याही तासाला गेलेलो नाही. माझी हजेरी मात्र रोज लागते आहे. म्हणजे मी असण्या-नसण्याने काही अडत नाही. शुक्रवारनंतर माझा क्रमांक दुसऱ्या कुणाला द्यावा. सूचना एवढीच."

खाली नाव नव्हतं. ज्या क्रमांकाबद्दल लिहिलं, तोही नव्हता.

एक तारखेला अजून अकरा दिवस होते, आणि शुक्रवार तर परवावर आला होता.

गुरुवारी शिपाई मावशींनी मला ओल्या फडक्याने पुसलं. वाटलं, मावशी, जरा जोरात हलवा, एखादी चिठ्ठी फटीतून बाहेर सांडू दे. पण मावशींचा हात हलका. आणि सुतारकाकांनी कुलूप असं बसवलेलं की त्या दिवशी मला त्यांच्या कसबाचा राग आला. माझ्या पोटात एका माणसाचा जीव होता आणि लोक माझ्यावर कोपर टेकून पत्त्याचा रकाना भरत होते.

शुक्रवारी सकाळी दहाला अधीक्षक साहेब घाईघाईने खिडकीपाशी आले. "बाई, बारा वाजता पाहणी समिती येतेय. त्यांना विद्यार्थ्यांचे अभिप्राय बघायचेत. पेटी आत्ताच उघडा. बरे-बरे दहा-बारा निवडा, स्वच्छ टाइप करा, फाइलला लावा. बाकीचे बघू नंतर."

नीटनेटकं दिसावं म्हणून का होईना, मी उघडले गेले. बाईंनी मला आत नेलं, टेबलावर उलटं केलं. त्यांना घाई होती. भराभर वाचायच्या आणि बाजूला टाकायच्या. ती चिठ्ठी हातात आली, तशा त्या थांबल्या. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"साहेब, हे बघा."

साहेबांनी उभ्या-उभ्या नजर फिरवली. "पोरं लिहितात हो काहीबाही. परीक्षा जवळ आली की यांना असं सुचतं. समिती जाऊ द्या, मग बघू."

"यात शुक्रवार लिहिलाय."

"कुठला शुक्रवार? महिन्यात चार असतात."

बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज मात्र अगदी खाली आला. "आजचा नाही, असं तुम्ही मला लिहून देता का, साहेब? सहीनिशी?"

सहीचं नाव काढल्यावर गप्प होणारा माणूस मी त्या कचेरीत पुष्कळदा पाहिलाय. पण या वेळी साहेबांचा चेहराच उतरला.

आता शोधायचं कुणाला? चाळीस हजारांत! बाईंनी कागद उलटा केला. तो प्रयोगवहीचा होता, हिरव्या चौकटींचा. मागे अर्धवट आकडे आणि कोपऱ्यात लिहिलेलं, "टेबल १४". बाईंनी फोन उचलला. असे कागद फक्त पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला देतात, हे त्यांना बावीस वर्षांत पाठ झालं होतं.

पाच मिनिटांत लॅबवाले काका धापा टाकत आले. प्रयोगशाळेची सगळी व्यवस्था तेच बघतात. काखेत हजेरीपट. "चौदा नंबरला पाच तुकड्यांची दहा मुलं बसतात, ताई. पण हजेरी बघा की, सगळे हजर आहेत. एकही गैरहजर नाही."

"काका, तेच तर लिहिलंय त्याने. हजेरी लागतेय म्हणून! तुम्ही तोंडं बघता का?"

"साठ-साठ जणांची तुकडी. कागद फिरवतो, सह्या येतात. तोंडं कधी बघू?" बोलता बोलता काकांनाच ते कसंतरी वाटलं असावं. एका रांगेतल्या सह्यांवर ते बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "ही बघा, त्रेसष्टची सही. आधी नीट यायची. मधूनच हिचं वळण बदललंय. ही तुकडी आत्ता लॅबमध्येच आहे."

काकांनी निरोप धाडला, तशी त्याच टेबलावरची चौसष्ट क्रमांकाची मुलगी पळत आली. हाताला शाई, डोळ्यांत भीती. तिला वाटलं, चोरी पकडली गेली.

"मॅडम, चुकलं माझं. तो येत नव्हता, म्हटलं त्याचं वर्ष जाऊ नये, म्हणून मी त्याची सही करत होते. मदत म्हणून हो!"

"ते राहू दे. त्याचं नाव काय?"

"त्रेसष्ट."

"अगं, नाव विचारतेय मी!"

मुलीचा चेहरा रडवेला झाला. "मला माहीत नाही, मॅडम. पहिल्या दिवशी विचारलं होतं. गोंगाटात ऐकू आलं नाही. परत विचारायची लाज वाटली. मग तसंच राहिलं."

बाहेर रांगेत कुणीतरी मोठ्याने जांभई दिली.

बाईंनी प्रवेशाची फाइल काढली. त्रेसष्ट. नाव, वडिलांचं नाव, राहण्याचा पत्ता : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तिसरा मजला. फोन लावला, तो बंद. त्यांनी पर्स उचलली. लंच नसताना दोन नंबरची खिडकी त्या दिवशी पहिल्यांदा बंद झाली.

"समितीचं काय करू, बाई?" साहेबांनी विचारलं. आवाजात दरारा नव्हता, नुसता प्रश्न होता.

"तुम्ही फोनजवळ बसा," बाई म्हणाल्या आणि त्या मुलीचा हात धरून निघाल्या.

मी टेबलावर उघड्या तोंडाने पडून होते. साडेअकरा झाले. रांग कुरकुरत होती, मग भांडायला लागली. साहेब बाईंच्या खुर्चीत बसले होते. ती चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचली. मावशी चहा घेऊन आल्या, तो त्यांनी हातात घेतला आणि तसाच थंड होऊ दिला. पावणेबारा. फोन वाजला, त्यांनी झडप घातली. समितीची गाडी फाटकाशी आली होती. "बसवा त्यांना," म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला, आणि पुढच्याच क्षणी तो नीट बसलाय की नाही ते पुन्हा बघितलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"हो... बोला, बाई... दार?... उघडलं?" साहेबांनी डोळे मिटले. "बोलतोय ना तो? नीट बोलतोय ना?... नाही नाही, तुम्ही तिथेच थांबा. एकटं सोडू नका. डॉक्टरांना मी सांगतो. गाडी पाठवतो, माझीच पाठवतो."

रिसीव्हर ठेवून त्यांनी लगेच दवाखान्याचा नंबर फिरवला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

समितीतल्या एका बाईंनी दारातून डोकावून अभिप्रायांची फाइल मागितली, तेव्हा साहेबांनी ती एक चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि बाकीचा ढीग, न निवडलेला, न टाइप केलेला, दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरला. "हे असं आहे," ते म्हणाले. "वाचा."

तिकडे काय झालं, ते दुसऱ्या दिवशी बाईंनी मावशींना सांगितलं, तेव्हा मला कळलं. दाराला आतून कडी होती. त्या मुलीने खूप वेळ दार वाजवलं, आतून हूं की चूं नाही. मग बाईंनी आपल्या खिडकीतल्या खणखणीत आवाजात त्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. आत खुर्ची सरकली.

"कोण?"

"विद्यापीठातून आलेय. तुझी सूचना वाचली. दार उघड, बाळा."

दार उघडलं. खोली झाडून लख्ख केलेली. पुस्तकं सुतळीने बांधून वर चिठ्ठी लावलेली, ग्रंथालयात परत द्यावीत म्हणून. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात होतं का तुझ्या?"

तो आधी "नाही" म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "होतं. आत्ता माहीत नाही."

"मी काही बोलले नाही गं," बाई मावशींना म्हणाल्या. "काय बोलायचं असतं? त्याच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. मग ती पोरगी बसली आणि रडायला लागली. शेवटी तोच तिला म्हणाला, पाणी देऊ का."

विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. थोरली बहीण पहाटेच्या बसने आली. ती कचेरीत येऊन बाईंपुढे उभी राहिली. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि शिक्षणात खंड घ्यायच्या परवानगीचा अर्ज स्वतःच भरून दिला. त्या अर्जाचा एकही रकाना त्यांनी तिला भरू दिला नाही.

तो बरा व्हायला वेळ लागला. आठ महिन्यांनी परत आला, तेव्हाही चेहरा ओढलेलाच होता. त्याने माझ्यात एक चिठ्ठी टाकली. मी ती लगेच वाचली. "व्याख्यानगृह तीनमधला पंखा इतका आवाज करतो की सर काय म्हणतात ते ऐकू येत नाही. कृपया दुरुस्त करावा." साधी, चिडकी तक्रार! आयुष्यात मला दुसऱ्या कुठल्याही कागदाने एवढा आनंद दिलेला नाही.

लॅबवाले काका आता हजेरी घेताना चष्मा कपाळावर चढवून एकेक तोंड बघतात. पंधरा मिनिटं जातात, मुलं वैतागतात. आणि बाई मला रोज उघडतात, अकराच्या ठोक्याला. तसा आदेश कुणी काढला नाही. त्यांनी तो कुणाकडे मागितलाही नाही.

हल्ली मुलं मतं मोबाइलवर देतात, पाचपैकी किती तारे ते दाबून. मला भिंतीवरून उतरवायची टिपणी फिरते आहे, असं मावशी म्हणत होत्या. उतरवा बापड्यांनो. माझ्या फळ्यांचं शेल्फ करा, स्टूल करा, माझी तक्रार नाही. पण तुमच्या त्या नव्या यंत्रातही जे पडेल ते त्याच दिवशी कुणीतरी वाचायला हवं, आणि वाचून खुर्चीतून उठायला हवं. लाकडाला ते जमत नाही. मी करून पाहिलं आहे.

अकरा वाजत आले. बाई खिडकीतून उठल्या, पर्समध्ये किल्ली शोधतायत. आज माझ्या पोटात तीन चिठ्ठ्या आहेत. त्यातली सगळ्यात खालची त्यांनी आधी वाचावी, असं मला फार वाटतंय.