दुर्गाघाटचं बदक

मालविकाकडे एक बदक आहे, हे ‘ओसरी’वरच्या साठ जणांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बदकाला.

‘ओसरी’ म्हणजे मराठी प्रोग्रामरांच्या एका ऑनलाइन समूहातला गप्पांचा कोपरा. कामाचे प्रश्न दुसरीकडे. ओसरीवर काम सोडून सगळं. साताऱ्याची तेजश्री मीटिंग चालू असताना कॅमेऱ्याच्या खाली टोप्या विणायची आणि त्यांचे फोटो टाकायची. पुण्याच्या शार्दूलची खुर्ची आठ महिने कुरकुरत होती; त्यानं तो आवाज रेकॉर्ड करून टाकला तेव्हा नेमका कुठला स्क्रू सैल आहे यावर दोन दिवस वाद चालला. सांगलीच्या कुणालचं मांजर अर्धवट पत्र लिहून झालं की नेमकं ‘पाठवा’च्या बटणावर बसायचं.

आणि वाराणसीच्या मालविकाकडे बदक होतं.

प्रोग्रामरांची ही जुनी युक्ती आहे. चूक सापडेनाशी झाली की टेबलावर रबराचं बदक ठेवायचं आणि आपला प्रोग्राम त्याला ओळीओळीनं समजावून सांगायचा. बदकाला काही कळत नाही, पण सांगता सांगता आपल्यालाच चूक दिसते. मालविकाकडे रबराचं बदक नव्हतं. तिच्याकडे ढुंढिराजकाका होते.

दुर्गाघाटच्या घरात ती काका-काकूंबरोबर राहायची आणि घरूनच काम करायची. काकांनी बेचाळीस वर्षं पाठशाळेत वेद शिकवले होते. रोज दुपारी तीनला ते खिडकीपाशी बसत, ती लॅपटॉप घेऊन समोर बसे आणि दवाखान्यातले नंबर लावण्याचा आपला प्रोग्राम त्यांना सांगे. काका डोळे मिटून ऐकत. मधूनच “हं. मग पुढे?” म्हणत. कधी बोट वर करत.

“थांब. इथं तू घाई केलीस. फिरसे सांग.”

दहातल्या सात वेळा चूक तिथंच असायची. मालविकानं मोजलं होतं.

“काका, तुम्हाला यातलं कळतं तरी काय?” तिनं एकदा विचारलं होतं.

“बिलकुल काही नाही. पण येत नाही तिथं माणूस घाई करतो. बेचाळीस वर्षं पोरांचं पाठ म्हणणं ऐकलंय मी.”

त्या दिवशी तिनं ओसरीवर लिहिलं, ‘आज माझ्या बदकानं चूक पकडली. म्हणालं, इथं घाई झाली.’ लोक हसले. तिनं आणखी लिहिलं. मग कुणाचं काही अडलं की ‘मालविकाच्या बदकाला विचारा’ असंच होऊन बसलं. बदक म्हणजे काका, हे सांगायचं पहिल्यांदा गमतीनं राहिलं. पुढे सांगण्याची हिंमत होईना.

त्याला कारण होतं. काका पाठशाळेतून निवृत्त झाले नव्हते, उठून आले होते. एका समारंभात नव्या कार्यवाहांनी त्यांच्या थरथरत्या आवाजाची नक्कल केली. सगळे हसले, काकाही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाहीत. भांडण नाही, तक्रार नाही. सहा महिने खिडकीशी गप्प बसून होते. मग मालविकाची तीनची बैठक सुरू झाली आणि ते पुन्हा बोलू लागले. आपण साठ माणसांसमोर त्यांना बदक केलंय हे कळलं, तर ते असेच हसतील आणि तीन वाजता खिडकीपाशी येणार नाहीत, याची तिला खात्री होती.

अशात कुणालनं लिहिलं, ‘आईला घेऊन काशीला येतोय. मंगळवारी दुपारी ती मावशीबरोबर देवदर्शनाला, आणि मी बदकदर्शनाला.’

‘माझी टोपी घेऊन जा,’ तेजश्रीनं लिहिलं. ‘बदकाच्या मापाची विणलीय.’

‘माझ्या खुर्चीचंही विचार,’ शार्दूल.

मालविकानं बेत ठरवला. कुणालला मैदागिनच्या चौकात गाठायचं, घरापर्यंत चालत येताना सगळं सांगायचं आणि काकांसमोर बदकाचा ब काढणार नाही अशी शपथ घालायची. मंगळवारी पावणेतीनला ती मैदागिनला उभी राहिली. कुणालचा फोन लागेना. पंचवीस मिनिटांनी ती परत फिरली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दहीवाल्यानं हाक मारली.

“दीदी, एक लड़का आया था. नाव से उतरा, घाट की तरफ़ से. बत्तख पूछ रहा था.”

“क्या? बदक?”

“हाँ, मालविका दीदी का बत्तख. हम बोले, बत्तख तो नहीं है भाई, गुरुजी हैं. भेज दिए.”

मालविका दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढली. दाराशी पोचली तेव्हा आतून कुणालचा आवाज येत होता.

“...मग यादीतला एकेक प्रवासी घ्यायचा, त्याचं तिकीट तपासायचं, आणि मग, म्हणजे यादी संपली की थांबायचं—”

“थांब. इथं घाई केलीस,” काकांचा आवाज. “यादी संपली हे तुला कोण सांगतं?”

मग कुणाल ओरडला, “अरेच्चा! शेवटचा प्रवासी राहतोच आहे!”

मालविका आत गेली. काका खिडकीपाशी, समोर मांडी घालून कुणाल, आणि दोघांच्या मधे जमिनीवर लिंबाएवढी पिवळी लोकरीची टोपी.

“ये,” काका म्हणाले. “तुझा मित्र आलाय. बदक बघायला.”

“मला खरंच माहीत नव्हतं गं,” कुणालचे कान लाल झाले होते. “मी जिन्यातूनच ओरडत आलो, बदक कुठंय, बदक कुठंय. मग काकांनीच ओळखलं.”

“मला वाटलं विकायला आलाय,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “म्हटलं, या घरात नाही चालत बाबा.”

कुणी हसलं नाही. मालविका खाली बसली.

“साठ लोक आहेत, म्हणाला हा.”

“हो, काका.”

“दोन वर्षं?”

“एक वर्ष दहा महिने.”

“हसतात?”

नाही म्हणणं सोपं होतं. “हसतात,” ती म्हणाली. “मी हसण्यासारखंच लिहिते.”

“दाखव.”

तिनं ‘बदक’ शोधून फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी चष्मा लावला. कुणाल पंख्याकडे बघत राहिला. काका वाचताना मोठ्यानं वाचायचे, सवयच होती.

“‘बदक म्हणालं, तुझा प्रोग्राम श्वास न घेता म्हटल्यासारखा वाटतो.’ हं. हे मी म्हणालो होतो.” पुढे सरकले. “‘बदकाला सर्दी झालीय, आज चूक सापडायची नाही.’ आणि खाली हे काय? आल्याचा काढा द्या. हळद द्या. वाफ द्या... बदकाला वाफ?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. आणि एके ठिकाणी थांबले. तेवढं त्यांनी मनात वाचलं, मग मोठ्यानं.

“‘मालविकाताई, तुमच्या बदकामुळे मी आता हळू सांगायला शिकलो. कालची चूक माझी मला सापडली.’ हा कोण?”

“सुमंत. कोल्हापूरचा. पहिलीच नोकरी आहे.”

“हं.”

मालविका टोपीचे टाके मोजत राहिली.

“आम्ही शिकत होतो तेव्हा पाठशाळेत एक खांब होता,” अखेर ते म्हणाले. “गुरुजी बाहेरगावी गेले की आम्हाला त्याच्यासमोर बसून पाठ म्हणायला सांगत. आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणायचो. आज भाऊसाहेब रागावलेत, आज भाऊसाहेबांचा डोळा लागला. खूब हसायचो. पण त्याच्यासमोर चुकलं की आपलं आपल्याला कळायचं.”

“काका, मला वाटलं पाठशाळेतल्यासारखं तुम्ही...”

“त्यांनी नक्कल केली होती. तू मी जसं बोललो तसंच लिहिलंस. एक अक्षर इकडचं तिकडे नाही, तपासलंय मी.” त्यांनी फोन परत दिला. “पण एक मोठी चूक आहे तुझी. खांबाला नाव होतं. मला नाही?”

“आत्ता लिहू?” मालविकानं विचारलं.

“लिही. घाई न करता.”

तिनं काकांचं नाव लिहिलं, बेचाळीस वर्षं लिहिली, दुर्गाघाट लिहिलं. वाचून दाखवलं आणि पाठवलं. ओसरीवर आधी तेजश्रीचं आलं, ‘अगं बाई! मी माणसाला टोपी पाठवली, आणि तीही लिंबाएवढी!’ पाठोपाठ शार्दूलचं: ‘काका, साष्टांग नमस्कार. खुर्चीचं काय?’

“काय झालं खुर्चीला? ऐकव बरं.”

मालविकानं तो कुरकुरीचा आवाज लावला. काकांनी डोळे मिटून दोनदा ऐकला.

“खुर्ची ठीक आहे. हा उठताना घाई करतो.”

यावर काकूही हसत चहा घेऊन बाहेर आल्या. काकांनी पिवळी टोपी उचलली, उलटसुलट पाहिली आणि भिंतीला टेकलेल्या काठीच्या मुठीवर चढवली. मापात बसली.

फोन पुन्हा वाजला. सुमंत होता. मालविकानं वाचून दाखवलं, ‘काकांना चालेल का? उद्या तीन वाजता मी माझा प्रोग्राम फोनवर त्यांना सांगू?’

काकांनी खिडकीबाहेर पाहत चहाचा घोट घेतला.

“त्याला म्हणावं, साडेतीनला कर फोन,” ते म्हणाले. “तीनला मालविकाची वेळ असते.”