मागचे दोन स्पीकर

दादाच्या घराची पायरी चढायची नाही, असं मी बाबा गेले त्या दिवशी ठरवलं आणि वर्षभर निभावलं. मग आईचा फोन आला. दादाने भिंतभर टीव्ही आणला होता. बाबांना जाऊन वर्ष होत होतं, म्हणून घरच्या सगळ्यांना बोलावून बाबांच्या शेवटच्या वाढदिवसाला त्याने कॅमेरा स्टँडवर लावून काढलेली फिल्म त्यावर दाखवायची, असं त्याच्या मनात होतं. पण टीव्ही जेवढा मोठा तेवढा त्याचा आवाज केविलवाणा, आणि काकांना आधीच कमी ऐकू येतं. बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर माळ्यावर पडून आहेत, ते तूच येऊन जोडून दे, असं आईचं म्हणणं.

लोकांच्या टीव्हीचा आवाज चांगल्या स्पीकरवर आणून देणं हाच माझा धंदा आहे. नाही म्हणायला शंभर कारणं होती. तरी मी हो म्हटलं, कारण मला दादावर सूड उगवायचा होता आणि त्याच्या घराचं दार आपणहून उघडत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात होतं ते तसं किरकोळच होतं. आवाज ओठांच्या किंचित मागे ठेवायचा, पटकन लक्षात येणार नाही इतकाच. माणूस बघत राहतो, काहीतरी खटकत राहतं, डोकं भणभणतं आणि कारण सापडत नाही. दादाने त्या भिंतीएवढ्या टीव्हीसमोर जन्मभर असं चडफडत बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

हा राग कशाचा ते सांगते. आईबाबा दादाकडे राहायचे. गेल्या वर्षी बाबा आजारी पडले ते मला कोणी कळवलं नाही. त्यांच्या वाढदिवसाला मी फोन केला तर त्यांचा फोन बंद. म्हणून दादाला लावला. त्याने तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. संध्याकाळी त्याच्याकडून एक छोटा व्हिडिओ आला, टीव्हीवर फिल्म चालू असताना समोर मोबाइल धरून काढलेला. सोबत त्याने लिहिलं होतं की बाबा बरेच आजारी आहेत, तुला बोलावू का म्हणून मी विचारलं, हे त्यांचं उत्तर.

व्हिडिओत बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते. इतके वाळलेले की शर्ट दुसऱ्याचा वाटत होता. ते समोर कुठेतरी बघत होते. मध्येच त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग ते म्हणाले, "मग राहू दे. बोलवू नकोस तिला."

शब्द मी एकवेळ पचवले असते. ते हसू जिव्हारी लागलं. मी ऑफिसातली नोकरी सोडून वायरी ओढायला लागले तेव्हा बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नव्हते. नंतर सगळं निवळलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. तो राग अजून त्यांच्या पोटात आहे आणि मला नको म्हणताना त्यांना हसू येतंय, असं मी धरून चालले आणि गेले नाही. थोड्याच दिवसांत बाबा गेले.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले की कामाचं निमित्त सांगून बापाला तोंड न दाखवणारी पोरगी आता कशाला आलीय. दादाने घरात सांगितलं होतं की धाकटीला कळवलं, तिला वेळ नाही. मी म्हटलं, त्या व्हिडिओपर्यंत मला कोणी कळवलंच नाही. कोण ऐकतंय? तो व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचला होता. आईसुद्धा माझ्याकडे न बघता आत निघून गेली. दादा मूग गिळून कोपऱ्यात उभा होता, आणि माझ्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती खाली उतरलीच नाही.

तर फिल्मच्या दिवशी मी टूलबॅग घेऊन सकाळीच गेले. दादाने दार उघडलं, बाजूला सरकला आणि स्पीकर कुठे आहेत ते हाताने दाखवलं. वर्षाने भेटलेल्या भावंडांचं एवढंच बोलणं झालं. कॅमेऱ्याचा विषय निघाल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्याचा कॅमेरा साधासुधा नाही, चारी बाजूंचा आवाज वेगवेगळा टिपतो, हे त्याने मला ऐकवलंच. हे तो आमच्या घरात येईल त्याला ऐकवायचा. पण त्या कॅमेऱ्यासाठी खोलीच्या मागच्या बाजूला एक स्पीकर लावावा, हे त्याला कधी सुचलं नाही. मागचं ऐकायची सोयच त्याच्या घरात नव्हती.

काम सोपं होतं. टीव्हीमधून आवाज बाहेर काढता येतो, पण दादाच्या टीव्हीतून समोरचे दोनच आवाज निघत होते. बाकीचे तो वाटेतच टाकून देत होता. अशा वेळी टीव्हीच्या आधीच एक छोटी डबी बसवतात. कॅमेऱ्याची केबल डबीत येते. तिथून चित्र एका बाजूने टीव्हीकडे जातं आणि आवाज दुसऱ्या बाजूने, काही न गाळता, अ‍ॅम्प्लिफायरकडे. मग पुढचे आवाज पुढच्या स्पीकरमधून येतात आणि मागचे मागच्या. मी तीन स्पीकर टीव्हीखाली मांडले आणि दोन मागच्या भिंतीवर, सोफ्याच्या पाठीमागे चढवले. बाबांनी अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाला चिकटवलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका अजून तसाच होता. चष्म्याशिवाय आवाज कुठवर वाढवायचा ते कळावं म्हणून त्यांनी तो लावला होता.

दादा आणि वहिनी खुर्च्या आणायला बाहेर गेले, आई स्वयंपाकघरात होती. मी फिल्म चालू केली ती टीव्ही बंद ठेवूनच. मला फक्त आवाज तपासायचा होता, ते हसू पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती. समोरून बाबांचा खोकला आला, पंख्याची घरघर आली, खुर्ची करकरली. सगळं ठीक होतं. आणि मग माझ्या मानेमागे बेडूक ओरडला.

हा बेडूक आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी माझं तोंड बंद व्हायचं नाही म्हणून बाबा मला बेडकी म्हणायचे. दादाने चिडवायला त्याच्या मोबाइलवर माझ्या एकटीच्या नंबराला बेडकाचं डराव-डराव लावून ठेवलं होतं. मी फोन केला की भर पाहुण्यांत त्याच्या खिशातून बेडूक ओरडायचा, आणि बाबा पोट धरून हसायचे.

बेडूक दोनदा ओरडला आणि तुटला. मागच्याच स्पीकरमधून दादाचा आवाज आला, हळू, दाराशी उभं राहून बोलावं तसा. "तिला सांगितलं होतं बाबा. वेळ नाही म्हणाली." मग समोरून बाबा बोलले. ते शब्द मला पाठ होते.

वर्षभर मी उत्तर तेवढं ऐकलं होतं. ते ज्याला दिलं होतं ते वाक्य दादाच्या तेव्हाच्या टीव्हीनेही वाटेतच टाकून दिलं होतं आणि ते कॅमेऱ्यात शाबूत बसलं होतं. दादाने स्वतःच्या हाताने भरून ठेवलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग मी काम नीट केलं. इतकं नीट मी कुणाच्या घरी केलेलं नाही. ओठ आणि आवाज केसाएवढेही मागेपुढे राहू दिले नाहीत, आधीचा तो पोरकट बेत रद्द. मागचे दोन स्पीकर वाढवले. पुन्हा ऐकलं, पुन्हा थोडे वाढवले. आई चहा घेऊन आली आणि झालं का विचारू लागली. मी म्हटलं, झालं, संध्याकाळी ऐक.

संध्याकाळी खोली भरली. कोणाला कुठे बसवायचं ते मी ठरवलं, कारण आवाजातलं मला कळतं असं सगळे धरून चालले होते. काकांना मागच्या उजव्या स्पीकरखाली बसवलं. आईला सोफ्यावर. दादाला मी मधली जागा दिली, तिथे सगळ्यात छान ऐकू येतं असं सांगून, आणि ते खोटं नव्हतं. त्याला बरं वाटलं. धाकटी निवळली, असा चेहरा करून त्याने मला मान डोलावून दाखवली. मी त्याच्या बाजूला भिंतीशी उभी राहिले, म्हणजे मला त्याचा चेहरा दिसेल.

फिल्म सुरू झाली. आवाज खरोखर छान येत होता. बाबांचा खोकला ऐकून आईने पदर तोंडाशी धरला. काकांनी मान डोलावली. आणि मागून बेडूक ओरडला.

दोघातिघांनी खिसे चाचपले. कोणीतरी सवयीने हसलं. दादाचा हातही खिशाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. मग त्याचाच आवाज सगळ्यांच्या पाठीमागून आला, की तिला सांगितलं होतं, वेळ नाही म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आईने पाहिलं, वहिनीने पाहिलं, काका तर खुर्चीसकट फिरले. मागे भिंत होती आणि तिच्यावर दोन स्पीकर. एकटा दादा वळला नाही. त्याचे कान लाल होत गेले ते मी डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

काका म्हणाले, परत लाव. त्यांना नीट ऐकू आलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण कानांवर विश्वास बसत नव्हता. मी मागे नेऊन परत लावली. दादाला मी पोटभर पाहून घेतलं होतं, म्हणून यावेळी पडद्याकडे पाहिलं.

बाबा समोर बघत होते. बेडूक ओरडला आणि त्याच क्षणी ते हसले.

वर्षभर माझ्याकडे हसू होतं पण बेडूक नव्हता. सकाळी बेडूक मिळाला तेव्हा हसू नव्हतं, टीव्ही मीच बंद ठेवला होता. आता दोन्ही एकत्र होती. बाबा मला नको म्हणताना हसत नव्हते. बेडकीचा फोन आला म्हणून हसत होते. मग दादाचं वाक्य आलं आणि ते हसू हळूहळू विझत गेलं. त्यांनी दाराकडे, दादाकडे बराच वेळ पाहिलं. फोन कोणाचा होता ते त्यांना कळलं होतं. आपला मुलगा तोंडावर खोटं बोलतोय, तेही कळलं होतं. पण रात्री उठवून पाणी कोण देणार, औषध कोण देणार? त्यांनी ते गिळलं आणि म्हणाले, "मग राहू दे. बोलवू नकोस तिला."

मी फिल्म मागे नेऊन थांबवली, बरोबर हसण्यावर.

"तू मला म्हणालास तिला कळवलंय," आई दादाला म्हणाली. "मी वर्षभर पोरीशी धड बोलले नाही."

दादा टीव्हीकडे बघतच म्हणाला, "रोज म्हणायचे, बेडकीकडे जातो थोडे दिवस. रोज. ती आली असती तर ते तिच्याबरोबर निघून गेले असते. सगळं मी करायचं आणि जायचं तिच्याकडे?"

वहिनी रडायला लागली होती. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नसेल, बाबांचं सगळं त्यानेच केलं होतं. इथे मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. बाबा रोज माझं नाव काढत होते आणि ते त्याने मला वर्षभराने सांगितलं होतं, तेही पकडला गेल्यावर.

मी माझा मोबाइल काढला आणि त्याचा नंबर लावला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

त्याच्या शर्टाच्या खिशातून बेडूक ओरडला. त्याने तो आवाज बदललाच नव्हता. बदलायची वेळच आली नव्हती, कारण मी पुन्हा कधी फोन केला नव्हता. आईने डोळे मिटले. दादाने मोबाइल बाहेर काढला आणि त्याचा अंगठा सवयीने कापायच्या बटणाकडे गेला.

"कापू नकोस," मी म्हटलं. "या वेळी उचल."

त्याने उचलला. काय करावं ते न सुचून कानाला लावला. आम्ही एकाच खोलीत होतो, चार पावलांवर. समोर भिंतभर बाबा हसत थांबले होते.

"दादा, मी बोलतेय," मी म्हटलं. "बाबांना दे."