कुलगुरूंची सही खाल्लेली बुरशी

मी बुरशी बोलतेय. नाक मुरडून झालं असेल तर पुढं ऐका. माझ्याबद्दल आजवर सगळे बोलले. भाडेकरू बोलले, घरमालक बोलले, चुना मारायला आलेला गडीही बोलला. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात खरं काय ते सांगून टाकलं असतं.

एकोणीसशे पन्नास साली बदलापूरच्या कुळगावात हरिचंद्रशेठ आठ खोल्यांची चाळ बांधत होते. त्या दिवसांत खोल्यांची फार ओढ. तिकडे उल्हासनगरच्या कॅम्पांत सिंधमधून आलेली कुटुंबं लष्करी बराकींत पडदे बांधून राहत होती, अंबरनाथला कारखाने निघत होते आणि नोकरीवाली माणसं बिऱ्हाडासाठी बदलापूरपर्यंत चपला झिजवत होती. हरिचंद्रशेठ मूळचे भातशेतीवाले, घाईघाईनं बांधकामात उतरले. कॅम्पातल्या एका मोडक्या बराकीच्या फळ्या त्यांनी आणल्या. त्यातल्या एका फळीच्या फटीत मी होते, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी.

चाळ उभी राहिली तशी मी पश्चिमेच्या भिंतीला चिकटले. चिकटताक्षणी नवल वाटलं. छप्पर गळत नव्हतं, जवळ मोरी नव्हती, तरी आषाढ लागला की भिंतीला घाम फुटायचा. कारण मला चवीवरूनच कळलं होतं. पण म्हटलं ना, विचारतंय कोण.

भाडेकरू आले, त्यांच्यामागोमाग तक्रारी आल्या. तक्रार ऐकायची हरिचंद्रशेठांची एक पद्धत होती. दारात पायताण काढायचं, भिंतीवर तळवा टेकवायचा आणि वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटायचे. डोळे उघडले की भिंतीकडे न बघता खोलीभर नजर फिरवायची. दोन नंबरात दोरीवर लुगडं दिसलं. शेठ म्हणाले, "वली कापडं घरान वालवता, मंग भिंत काय करल?" पाच नंबरात चुलीवर भात रटरटत होता, तिथं वाफेवर बोट ठेवलं. सात नंबरात तान्हं मूल होतं, त्याची दुपटी गुन्हेगार ठरली. एक नंबरातले सडे गृहस्थ खानावळीत जेवायचे आणि कपडे धोब्याला द्यायचे. त्यांच्या खोलीत दोष सापडेना. बराच विचार करून शेठ म्हणाले, "तुमी रातचे खिडकी लावून श्वास घेता." श्वास सोडून द्यायला गृहस्थ तयार नव्हते. त्यांनी खोली सोडली.

दिवाळीआधी सगळ्या खोल्यांना चुना लागायचा. त्यानं माझा घसा भाजायचा, आठ दिवस मी मेल्यासारखी पडून राहायचे. मग भिंत पुन्हा ओलावायची आणि चुन्याच्या पांढऱ्या चादरीवर मी नवी हिरवी नक्षी काढायला घ्यायचे. आठही खोल्यांत माझं गोत पसरलं. प्रत्येक भाडेकरूला वाटायचं की दोष आपल्याच बिऱ्हाडाचा, म्हणून कुणी शेजारी बोलायचं नाही. शेठांचं निम्मं काम या लाजेनंच केलं होतं.

माझा मुख्य मुक्काम चार नंबरात. तिथं चिंतामणराव राहायचे, अंबरनाथच्या एका कारखान्यात हेडक्लार्क. त्यांची पत्नी माई, आणि मुलगी नीलिमा. चिंतामणरावांनी तक्रार कधी केलीच नाही.

"कॅम्पात माणसं पडद्याआड संसार करतायत," ते म्हणायचे. "आपल्याला चार भिंती आहेत."

"तीन, बाबा," नीलिमा म्हणायची. "चौथी पाझरते."

"शेठना दुखवायचं नाही."

"आपण भाडं देतो. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आलोय का?"

यावर चिंतामणराव वर्तमानपत्र उंच धरायचे. मोठ्या माणसांची ही युक्ती मी पुष्कळ घरांतून पाहिली आहे. उत्तर नसलं की कागद वर जातो.

पंचावन्न साली नीलिमा बी.ए. झाली. चिंतामणरावांनी पदवीचा कागद काचेच्या चौकटीत बसवून आणला आणि खिळा ठोकायला जागा शोधू लागले. पूर्वेची भिंत ठणठणीत कोरडी होती. पण त्यांनी पट्टी घेऊन मोजमाप घेतलं ते माझं. ठाण्याहून नीलिमाला बघायला पाहुणे येणार होते, आणि माझा डाग नेमका चौकटीएवढा होता.

"माझी पदवी काय पोपडे झाकायला?" नीलिमा म्हणाली.

"दारातून आल्याबरोबर दिसेल. दोन्ही कामं होतात."

पाहुणे आले, पोहे खाल्ले, पदवी वाचली. मुलाच्या आईनं विचारलं, "एवढं शिकून करणार काय?" नीलिमानं सांगितलं, "नोकरी." पाहुणे परत आले नाहीत. पदवी मात्र तिथंच राहिली. आमच्याकडे खिळा एकदा ठोकला की तो घरातला माणूस होतो.

आता माझ्या आयुष्यातलं पाप सांगते. चौकटीमागं पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्याला खळ. भिंतीवरचा चुना चाटून कंटाळलेल्या जिवाला पिठाची खळ म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. मी खालच्या फटीतून आत शिरले. एका पावसाळ्यात पुठ्ठा फस्त केला, दुसऱ्याच्या तोंडाशी कागदाला लागले. कागदाच्या तळाशी जे होतं ते आधी पोटात गेलं. तळाशी कुलगुरूंची सही होती.

छप्पन सालच्या जुलैत नीलिमाला कॅम्प नंबर तीनमधल्या नव्या शाळेचं बोलावणं आलं. शिक्षिकेची जागा होती. सकाळी धावपळीत तिनं चौकट उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तशीच नेली. मीही बरोबर गेले. मुख्याध्यापिका सिंधी बाई होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. त्यांनी पदवी उजेडात धरली.

"सही किधर है, बेटी?"

नीलिमानं वाकून पाहिलं. सहीच्या जागी मी होते.

"बुरशीनं खाल्ली," ती म्हणाली. मग हिंदीतून म्हणाली, "दीवार के गीलेपन ने, मॅडम."

"ऐसा तो कोई भी बोलेगा. बिना सही का कागज मैं कैसे मानूं?" बाईंनी चौकट टेबलावर ठेवली. "दूसरी कॉपी कब आएगी?"

"दो-तीन महीने में."

"इतना कौन रुकेगा? ठीक है. जिसकी दीवार है उससे लिखवा के लाओ कि सही उसकी दीवार ने खाई. सोमवार तक. नहीं तो मंगल को दूसरी लड़की आएगी."

तो शनिवार होता.

नीलिमा घरी आली आणि चिंतामणरावांपुढं चौकट ठेवली. वर्तमानपत्र शेजारीच होतं, पण त्यांनी उचललं नाही.

रविवारी सकाळी हरिचंद्रशेठ आले. पायताण काढलं, तळवा टेकवला, डोळे मिटले.

"नाडी राहू द्या, शेठ," नीलिमा म्हणाली. "दोन ओळी लिहून द्या. भिंत ओली आहे, म्हणून कागद खराब झाला. माझी नोकरी तेवढ्यावर अडलीय."

शेठांनी डोळे उघडून दोरीकडे पाहिलं. दोरी रिकामी होती. चुलीकडे पाहिलं. नीलिमानं सकाळपासून चूलच पेटवू दिली नव्हती, माई बिचाऱ्या चहावाचून बसल्या होत्या.

"तुमी बामनाची मानसं, अंगोली लय करता," शेठ म्हणाले.

"आंघोळ मोरीत करतो. मोरी त्या टोकाला आहे."

"ताई, तुला लिवून दिला तर उद्या आठी खोल्या माझे दारान. मी भिंती फोडीत बसू का?"

"नीलिमा, जाऊ दे," चिंतामणराव पुटपुटले. "नोकरी दुसरी मिळेल. खोली मिळायची नाही."

नीलिमा खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभी राहिली. सहा वर्षांत तिनं वाद अर्ध्यावर सोडलेला मी त्या दिवशीच पाहिला, आणि खरं सांगते, खाल्लेली सही मला बोचली.

बाहेर पागोळ्यांखाली शेठांच्या आईची, गोदूबाईंची शेळी उभी होती. ती रोज यायची. हिरवा चारा सोडून आमची भिंत चाटायची, अगदी मन लावून. चाळीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. सगळे हसायचे.

नीलिमा हसली नाही. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, गिलाव्याचा पोपडा उचकटला आणि जिभेला लावला.

"काय करतेयस?" माई ओरडल्या.

"खारट आहे," नीलिमा म्हणाली.

तेवढ्यात शेळीला शोधत गोदूबाईच आल्या. वय सत्तरीच्या पुढं, कासोटा घट्ट, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. नीलिमानं बाहेर येऊन पोपडा त्यांच्या हातावर ठेवला.

"आजी, हे चाखून बघा."

गोदूबाईंचं सगळं लहानपण माहेरच्या, खाडीकाठच्या मिठागरात गेलेलं. त्यांनी पोपडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. नाडी बघायची रीत शेठांनी कुठून उचलली ते मला तेव्हा कळलं.

"हरी," त्या म्हणाल्या, "रेती खंयची आनलीस?"

"मामाचे होरीतली, आय. फुकट गावली, या बाजूला पुरली."

"खारीची?"

मामांची होडी खाडीतून रेती काढायची. शेठांनी पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरला.

"गोऱ्या पान्यानं धुतलीस का? का दोन पावसाले उगरी तरी ठेवलीस?" खाडीच्या रेतीतलं मीठ गोड्या पाण्यानं नाहीतर पावसानंच निघतं.

"टाइम नव्हता. लोका दारान बसलेली, खोली दे, खोली दे."

"मिठागरवाल्याचा नातू तू," गोदूबाई म्हणाल्या. "मीठ पानी खेचतं, ते तुला मी सांगू? सा वर्सां या लोकांचे लुगऱ्यांना नावा ठेवलीस. माझी बकरी तुझ्यापक्षी शानी."

आठ खोल्यांची दारं एव्हाना उघडली होती. दोन नंबरातली बाई आपल्या दोरीवरच्या लुगड्याकडे अशी बघत होती, जणू ते आत्ताच तुरुंगातून सुटून आलंय.

शेठ आत आले. चिंतामणरावांनी आपण होऊन टाक आणि दौत पुढं केली, आणि स्वतः मजकूर सांगायला लागले. शेठ म्हणाले, "ऱ्हाव द्या. मी लिवतो." ते चौथीपर्यंत शिकलेले. पाव तास लागला. कागदावर तीनच वाक्यं होती.

"मुलीचे पदवीवरची सही बुरशीने खाल्ली. बुरशी भिंतीची आहे. भिंत माझी आहे."

खाली सही, वीतभर लांब.

सोमवारी मुख्याध्यापिकेनं नीलिमाकडून त्याचा अर्थ ऐकला आणि सहीवर बोट फिरवलं. "ये सही कोई नहीं खा सकता," त्या म्हणाल्या. "कल से आ जाओ, बेटी."

दिवाळीनंतर चाळीच्या पश्चिमेच्या सगळ्या भिंतींचा गिलावा उतरवला. या खेपेला रेती उल्हास नदीची आली, गोड्या पाण्याची, आणि गोदूबाईंनी प्रत्येक गाडीतली चिमूट चाखूनच ती उतरवू दिली. छिन्नीखाली माझं गोत गेलं, मातीसकट उकिरड्यावर. मी वाचले ती कागदावर होते म्हणून.

पदवीची नवी प्रत आली, ती आता माईंच्या ट्रंकेत असते, कडुनिंबाच्या पाल्यात. जुनी प्रत चिंतामणराव टाकून देणार होते. नीलिमानं ती घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीवर, त्याच खिळ्याला, परत लावली.

"आता कशाला?" त्यांनी विचारलं.

"पहारा," ती म्हणाली. "भिंत ओलावली की ही आधी हिरवी होईल. मग शेठना बोलावू."

"मी बोलावीन," चिंतामणराव म्हणाले.

म्हणजे बघा, ज्या घरात मी चोर होते तिथंच मला शिपाई करून ठेवलंय. सहीच्या जागेवर करड्या ठिपक्याएवढी मी बसून आहे. तीन पावसाळे गेले, भिंतीला एकदाही घाम आला नाही. घसा सुकलाय. हरिचंद्रशेठ अधूनमधून येतात, आता तळवा टेकवत नाहीत. बोट भिंतीला लावतात, जिभेला लावतात आणि माझ्याकडे जरा भीतभीतच बघतात.

नोकरी इमानानं करतेय, पण पोटाचं काय? म्हणून एक विनंती आहे. तुमच्याकडे कुठं भिंत पाझरत असेल, तुम्ही तक्रार केली असेल, आणि घरमालकानं भिंत सोडून तुमच्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं असेल, वर चुन्याची बादली पाठवली असेल, तर मला जरूर कळवा. पत्ता चार नंबर, कुळगाव. मी लगेच निघते.