तिप्पण्णा उठतो तो शॉट

कुणाचंही मयत असो, सिद्धेश्वरी पुढं जाऊन बसायची आणि मेलेल्याच्या पापण्यांकडं टक लावून बघायची. बायका कुजबुजायच्या, म्हातारीला दुसरा उद्योग नाही. त्यांना काय कळणार, कप्पाळ!

तिचा बाप तिप्पण्णा नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात माल दाखवायचा आणि सवड मिळाली की नाटकांत लोकांना हसवून लोळवायचा. सत्तर वर्षं होत आली असतील. महेश्वर मास्तर नावाच्या एका खटपट्या माणसानं मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर विनोदी सिनेमा काढला, 'जावई मेला, धावा!', आणि तिप्पण्णाला जावई केलं. सासूच्या जाचाला कंटाळून जावई मेल्याचं सोंग घेतो. मग लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला भस्म लावून, हार घालून, खुर्चीत बसवून वाजतगाजत नेतात. वाटेत जिलबीचा वास येतो आणि मढं एक डोळा उघडतं. पेठेत शूटिंग झालं त्या दिवशी लोकांना वाटलं, खरंच कुणी गेलं. बायाबापड्यांनी हात जोडले, फुलं टाकली. तिप्पण्णानं डोळा उघडला मात्र, जी पळापळ झाली आणि जो हशा पिकला, विचारू नका! मास्तरांना त्या डोळ्याखेरीज काही टिपताच आलं नाही. मिरवणूक घ्यायची राहिली.

सिद्धी तेव्हा सहा वर्षांची, गोवरानं अंथरुणात. तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. बाप भस्म फासलेल्या कपाळानंच घरी आला, खुर्चीत ताठ बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "जिलबी म्हण." ती ओरडली, "जिलबी!" डावा डोळा उघडला. मग काय, रोज तोच खेळ. गोवर उतरल्यावर त्यानं दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा फ्रॉक शिवून आणला, एक बाही लाल आणि एक चौकड्याची.

त्याच आठवड्यात गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडता उलगडता तिप्पण्णा कोसळला तो उठलाच नाही.

तोच बाप, तीच पेठ, तसंच भस्म, तशीच खुर्ची. पण या खेपेला पेठेत कुणी हात जोडले नाहीत. मागच्या वेळी फसले होते ना! परत शूटिंगच असणार म्हणून सगळे दात काढून दारांत उभे. त्यात नव्या फ्रॉकमधली सिद्धी खुर्चीपुढं धावली आणि जीव खाऊन ओरडली, "जिलबी!" सगळी पेठ खदाखदा हसली. आईनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की तिचा श्वासच अडकला. बाप मात्र डोळा उघडेना.

पुढं कुणकुण उठली की मास्तरांनी त्या दिवशी एका माडीवरनं कॅमेरा चालवला होता. मास्तरांनी सिद्धरामेश्वराच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, की मिरवणूक नंतर दुसऱ्याच माणसाला बसवून घेतली, सिनेमातला माणूस जिवंत होता. आईनं सिनेमा बघितला नाही, लेकीला बघू दिला नाही. चार दिवस चालून तो कुठं गडप झाला कुणास ठाऊक. सिद्धेश्वरीच्या मानगुटीवर तेवढा एक प्रश्न बसला, तो काही उतरेना. खुर्चीतला माणूस जिवंत, की मेलेला?

आणि यंदा एका बंद टॉकीजच्या माळ्यावर त्याची रिळं सापडली. रविवारी सकाळी एका सभागृहात खेळ ठेवला.

"चल की अव्वा," मुलगा अमरेश मागं लागला. "आज्जाला बघायचं न्हाय व्हय?"

"चल," ती म्हणाली. "मरायच्या आधी एकदाचं कळू दे."

बाप पडद्यावर आला तेव्हा तिला आधी ओळखूच येईना. तिच्या नातवापेक्षाही कोवळा पोरगा होता तो! लोक हसत होते. ती मात्र त्याच्या पापण्यांकडं टक लावून बसली होती.

मग मिरवणूक आली. उंचावरनं घेतलेली. खुर्ची लांब, चेहरा हारांत बुडालेला, बोलणं ऐकू येत नाही, वर नुसती पेटी वाजतेय. हा कुणीही असेल, तिनं स्वतःला बजावलं. दुसराच कुणीतरी असेल. शपथ घेतलीय मास्तरांनी.

तेवढ्यात गर्दीतनं एक पोर खुर्चीपुढं धावली. काळ्यापांढऱ्या चित्रात तिची एक बाही काळी दिसत होती आणि दुसरी चौकड्याची.

सिद्धेश्वरी खुर्चीत पुढं सरसावली. हरामखोरा मास्तरा! देवाच्या पायरीवर हात ठेवलास रे! पोरीचं तोंड उघडलं. आवाज नव्हता, पण सिद्धेश्वरीचेही ओठ तिच्याबरोबर हलले. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून ती खुर्चीत आक्रसली.

धपाटा आलाच नाही. मास्तरांनी तिथंच कापलं होतं. पडदाभर बापाचा चेहरा आला, भस्म लावलेला, आणि डावा डोळा हळूच उघडला.

सभागृह हसून कोसळलं. अमरेश मांडीवर थापा मारत होता.

"अव्वा, ती पोरगी कोण गं? काय झकास काम केलंय तिनं!"

सिद्धेश्वरी डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"तिला कुणी सांगितलंच न्हवतं रे, हे काम हाय म्हणून."